सहाच्या नोंदीपर्यंत

(कोल्ड स्टोरेजची सगळ्यात आतली खोली, मटारच्या खोक्यांनी भरलेली. दुपारपासून दार बाहेरून अडकलंय. आत मोजणीच्या बाई आणि मिस्त्री. दोघांत कोट एकच.)

बाई – रबर होऊन गेलंय. मघाशी मीच दिलं होतं. र वरून दुसरा द्या.

मिस्त्री – मग रंधा.

बाई – धागा. तुम्हाला ग.

मिस्त्री – गॅस.

बाई – इंग्रजी बाद.

मिस्त्री – अहो, सकाळी चहा कशावर ठेवता?

बाई – गॅसवर.

मिस्त्री – मग झाला की मराठी. तुम्ही शाळेत शिकवत असतात ना, तर निम्मी पोरं पळून गेली असती.

बाई – शाळेत असते तर इथे खोकी कशाला मोजत बसले असते? बरं, घेतला. स. सतरंजी. आणि हा कोट धरा, दहा शब्द झाले, आता पाळी तुमची.

मिस्त्री – नऊ झाले. राहू दे अंगावर.

बाई – मिस्त्री, मोजायचाच पगार घेते मी. दहा झाले.

मिस्त्री – रबर बाद झाला तो धरायचा नाही. ज आला ना मला? ज... ज...

बाई – उभे राहून सांगा. बसायचं नाही असं ठरलंय.

मिस्त्री – गुडघ्यांना सांगा ते. जाळी.

बाई – ळ आला की ल धरायचा. लगाम. किती वाजले?

मिस्त्री – पावणेसहा.

बाई – म्हणजे राहिली पंधरा मिनिटं. सहाला वॉचमन तापमान लिहायला येतो. तो दार उघडून आत बघेल ना, पण?

मिस्त्री – बघेल. गार हवेच्या पंख्यात फळी घालून ठेवलीय मी. बाहेरचा तापमानाचा काटा वर चढलेला दिसला की डोकावल्याशिवाय राहायचा नाही. म. मफलर.

बाई – गरम वस्तू बाद. तुम्हीच केल्यात, आठवण आली की जास्त वाजतं म्हणून.

मिस्त्री – विसरलो. मोरी घ्या.

बाई – रद्दी. द तुम्हाला.

मिस्त्री – दार.

बाई – तो शब्द तर सगळ्यात आधी बाद केला आपण.

मिस्त्री – डोळ्यांसमोर तेवढंच आहे, दुसरं कुठून आणू? पाचर का काढलीत हो बाई? मी लावली होती ना दाराला, चांगली लाकडाची.

बाई – परत तेच? काढली नाही, पायानं सरकवली. दार उघडं राहिलं की गारवा जातो, बारा वर्षं हेच ऐकतेय. पाय आपोआप गेला. आत बटण आहे, दाबलं की उघडेल, हेच डोक्यात.

मिस्त्री – बटण चार महिन्यांपूर्वी काढलं मी. खोक्यांचा धक्का लागून सारखं दाबलं जायचं. नवीन मागवलं होतं, ते आलंच नाही.

बाई – आणि दर शनिवारी वहीत 'आतले बटण ठीक' असं कोण लिहायचं?

मिस्त्री – मी. त्याच्याखाली 'तपासले' म्हणून सही कोण करायचं?

बाई – मी.

मिस्त्री – तपासायचात?

बाई – चहा पिता पिता करायचे सही. तुमच्यासमोरच की.

मिस्त्री – मग द वरचा तुम्हीच सांगा. मला नाही सुचत.

बाई – दोरी.

मिस्त्री – रुमाल.

बाई – ल. लेक.

मिस्त्री – नाती बाद. माणसांची नावंही बाद. दोन्ही तुम्हीच केलीत.

बाई – हो. मघाशी तुम्ही 'मावशी' दिलंत आणि मला रडू फुटलं, म्हणून. माझी लेक मावशीकडेच गेलीय, दोन दिवस सुट्टी आहे तर. फोन तर दोघांचेही बाहेर राहिले. माझा नाही आला तर म्हणेल, आई कामात असेल. नेहमी तसंच असतं ना. तुमची वाट कोण बघत असेल घरी?

मिस्त्री – कुलूप.

बाई – हसवू नका, ओठ फुटलेत.

मिस्त्री – खरं तेच सांगतोय. शब्द द्या.

बाई – लाकूड.

मिस्त्री – डबा.

बाई – बशी. श द्या. मिस्त्री? दहा मोजते हं. एक. दोन. तीन. चार. डोळे उघडे ठेवा. पाच.

मिस्त्री – शाल.

बाई – गरम वस्तू.

मिस्त्री – हो. बाद.

बाई – आता तरी कोट घ्या. नखं निळी पडलीत तुमची. दहा कधीच होऊन गेले.

मिस्त्री – सातच झाले.

बाई – खोटं बोलताय. किती वाजले?

मिस्त्री – सहाला पाच कमी.

बाई – मघाशी पावणेसहा होते. मधे एवढं भांडण झालं आपलं.

मिस्त्री – थंडीत घड्याळ हळू चालतं.

बाई – 'थंडी'ही बाद आहे. मिस्त्री, एक सांगायचंय. खेळातलं नाही. वॉचमनच्या वहीत सहाची नोंद दुपारीच झालेली होती. उणे अठरा. बाराला मी सही करायला गेले तेव्हा बघितली.

मिस्त्री – सहाची? बाराला?

बाई – हो.

मिस्त्री – बोलला नाहीत त्याला?

बाई – सुट्टी लागतेय, त्यालाही घर आहे, म्हटलं जाऊ दे. नोंद लिहून झालीय, आता तो इकडे कशाला फिरकेल? आणि परवापर्यंत दुसरं कोणी यायचं नाही. तुम्हाला सांगायची हिंमत होईना. सहापर्यंत काढू म्हणत राहिले. मला फार भीती वाटतेय.

मिस्त्री – सहा वाजून गेले, बाई.

बाई – कधी?

मिस्त्री – तुम्ही लगाम म्हणालात ना, तेव्हाच.

बाई – आणि मला पावणेसहा सांगितलंत.

मिस्त्री – तेव्हाच तो यायला हवा होता. नाही आला, तेव्हा समजलो मी. तुमच्याकडे बघितलं आणि म्हटलं, हिला अजून पंधरा मिनिटं असू देत.

बाई – आता किती वाजलेत? खरं सांगा.

मिस्त्री – साडेसहा होऊन गेले.

बाई – मग आता खेळायचं कशासाठी?

मिस्त्री – थांबलो की झोप येईल म्हणून. मला तर आत्ताच येतेय. इकडे सरका, कोट दोघांच्या पाठीवर पुरतो का बघू.

बाई – पुरत नाहीये.

मिस्त्री – पुरेल तेवढा पुरेल. कुठे होतो आपण?

बाई – श वर. तुम्ही शाल म्हणालात.

मिस्त्री – चालेल का शाल?

बाई – चालेल. आता सगळं चालेल.

मिस्त्री – मग तुम्हाला ल.

बाई – लेक.

मिस्त्री – नाव काय तिचं?

बाई – नावं बाद होती ना?

मिस्त्री – होती. सांगा.