एक फटका, चौदा वेळा

...आणि बघू देत नाही हो! ही बाई मला सुखानं बातमी बघू देत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे! मी मागतो काय? वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी म्हणून सकाळपासून काट्यावर उभं राहायचं, पोती तोलायची, दुपारी सानपाड्याला घरी यायचं, जेवायचं, आणि टीव्ही लावून दोन-चार खून बघायचे. बस्स! दुसरं व्यसन नाही. तंबाखूसुद्धा सोडली. पण आमची गोजरा...

गोजरा म्हणजे आमची मंडळी. मार्केटातल्या माथाडी लोकांना डबे देते. मी टीव्हीपुढं बसलो की ही ओट्याशी भाकऱ्या थापत असते, टीव्हीकडं पाठ करून. पाठ! म्हणजे बघा, तिला ते लाल गोल दिसत नाहीत, बाण दिसत नाहीत, चित्र थरथरतं ते दिसत नाही. फक्त शब्द ऐकू येतात. आणि तुम्हाला सांगतो, बातमीतलं चित्र काढून घेतलं ना, की उरतं काय? सूत्रं! तो निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडतोय, ‘सूत्रांच्या माहितीनुसार नराधमानं...’ आणि इकडनं हिचा आवाज, ‘अवो, ही सूत्रं म्हंजे कोण? त्यास्नी नाव न्हाय का?’ झालं! गेला की खून वाया!

तर गेल्या महिन्यात टीव्ही लावतो तर काय... आमचंच मार्केट! लांबची गल्ली, मला सकाळी पत्ताही नव्हता. मी उडालोच. ‘बाजारात हैवान हमालाचा हैदोस! तरुण उद्योजकावर जीवघेणा हल्ला!’ आणि हमाल कोण? धनाजी! पाटणकडचा, चाळिशीचा गडी, नऊ वर्षं आमच्याकडं डबा घेतोय, कधी मान वर करून बोलला नाही. आणि मारतोय त्या पोराला... धाड! परत धाड! मी मोजले हो, माझं कामच मोजायचं. चौदा फटके! अंगावर काटा आला. लगेच मोबाइल काढला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘सावधान! हा इसम आपल्या भागात फिरतो. चौदा वार!’ आणि हिला म्हटलं, ‘गोजरा, धनाजीचा डबा आजपासून बंद!’

तशी ती वळली. पिठाचे हात तसेच. ‘परत लावा बघू.’

लावलं. नीट बघितलं तिनं. म्हणाली, ‘चौदा न्हाईत. एकच हाय. चौदा येळा दावलाय.’

मी म्हटलं, काहीतरीच! तर म्हणते, ‘मागं त्यो हातगाडीवाला बघा. धनाजीनं मारलं की त्यो शिंकतोय. दर फटक्याला शिंक? माणूस एवढा मोजून शिंकंल व्हय?’

परत लावून बघितलं. शिंकत होता हो! अगदी ठेक्यात!

‘आन् कोपऱ्यात पंढरीनाना डोकं धरून का बसल्यात? याच्या आदी काय झालं?’ पंढरीनाना म्हणजे आमचे सगळ्यात वयस्कर हमाल. चौदा वेळा बघून मला ते दिसलेच नव्हते! म्हटलं, ‘आधीचं दाखवत नाहीत गं.’ ‘तेच इचारते. का दावत न्हाईत? आन् धनाजी पाटणचा, हमाल, समदं सांगितलं. त्यो पोरगा कुठला, काय उद्योग करतो, ते? का त्यो आभाळातनं पडला?’

ही बाई मला सुखानं... जाऊ द्या.

संध्याकाळी बघतो तर दारात धनाजीच. काखेत वळकटी. शिरवण्याला त्याची भाड्याची खोली, घरमालकीण धोंडूबाई. तिनंही टीव्ही बघितलेला. ‘माझे घरान नातवंडा हान, असला मानूस माना नको!’ बाहेर काढलं. धनाजी उंबऱ्यातच बसला. ‘वहिनी, पोलिसांनी जबाब घेऊन सोडलं. पन गावाकडं पोरीला शाळंत म्हनले, तुजा बाप हैवान...’ वळकटी मांडीवर ओढून घेतली त्यानं. आणि मी? मी हातातल्या रिमोटकडं बघत बसलो.

झालं असं होतं, की त्या पोरानं बापाची गाडी गर्दीत घुसवली, पंढरीनाना पोत्यासकट पडले, आणि गाडीला चरा गेला म्हणून पोरानं उतरून पडलेल्या म्हाताऱ्याच्याच मुस्काटात मारली. मग धनाजीनं त्याला एक ठेवून दिली. गोजरा काय म्हणाली माहितेय? ‘मारलंस ते चुकलंच. पण एक मारलीस तर एकच सांगायची. चौदाबी न्हाय आन् शून्यबी न्हाय.’

आणि लावला की फोन! बातमीखाली नंबर असतो ना, तो. पलीकडं राजनंदिनी म्हणून वार्ताहर. ‘बाई, पोलीस काय म्हणाले?’ ‘किरकोळ हाणामारी. दोघांच्याही तक्रारी आहेत.’ ‘मग हैवान कोण म्हणालं?’ पलीकडनं बारीक आवाजात, ‘काकू, मी किरकोळच लिहून पाठवलं होतं. हैदोस ऑफिसात घातला.’

दुसऱ्या दिवशी डबे वाटता वाटता ही प्रत्येक गाळ्यावर विचारत सुटली, ‘कॅमेरा हाय का? कालचं सकाळचं दावा.’ सातव्या गाळ्यावर मिळालं. गाडी, नाना, मुस्काटात, सगळं. राजनंदिनी आली, बघितलं, ऑफिसात भांडली म्हणे. आणि दुपारी लागली बातमी. अकरा सेकंद! संगीत नाही, गोल नाही, ‘आधी वृद्ध हमालाला मारहाण, चित्रीकरणातून उघड.’ गोजरा भाकरी तव्यावर टाकून टीव्हीकडं तोंड करून उभी. भाकरी करपली. तिची! तीस वर्षांत पहिल्यांदा!

पण मला सोडलं का? छे! ग्रुपवर लिहायला लावलं, ‘मी पाठवलेलं चुकीचं होतं. फटका एकच. धनाजी आमच्या घरचा माणूस आहे.’ अहो, तीनदा खोडून परत लिहिलं मी. मग मला आणि धनाजीला शिरवण्याला नेलं. धोंडूबाईनं मोबाइलवर सगळं बघितलं, म्हणाली, ‘माना काय ठावं? टीव्हीवाला बोलला.’ आणि धनाजीची वळकटी स्वतः उचलून आत ठेवली.

आता सगळी सोसायटी हिला व्हिडिओ पाठवते. ‘वहिनी, खरं का?’ मोठमोठे शिकलेले लोक हो! छाती भरून येते माझी, खोटं कशाला बोलू? पण घरात अशी बाई असली की नवऱ्याचं काय होतं? गेल्या आठवड्यात हाताला बँडेज बांधून आलो. म्हटलं जरा सहानुभूती मिळेल. ‘गोजरा, चौघांनी घेरलं मला... मागनं वार केला...’

‘चौघं कोण? नावं?’

‘अंधुक दिसलं.’

‘दिसाढवळ्या?’

...कांद्याचं पोतं होतं हो. एकच. आणि तेसुद्धा जागचं हललं नव्हतं, मीच जाऊन आपटलो.