उलटा सान आंतोनिओ

रोसेंदा : ...आणि चर्चच्या वेबपानावर नुसता संत आंतोनिओ नाही गं, त्याच्याखालची मिस्साच्या प्रार्थनेची वेळसुद्धा डोक्यावर उभी! क्रिसांतोआजोबांनी फोन उलटा धरला, तर पानही त्याच्याबरोबर फिरलं. बिचारे मान वाकडी करकरून दमले.

नाएली : फक्त चित्र फिरवायचं होतं. घाईत सीएसएसची, म्हणजे पानाच्या मांडणीची, ओळ अख्ख्या चौकटीला लागली. चौकट फिरली की आतलं सगळंच फिरतं.

रोसेंदा : फिरवायचं होतं? म्हणजे मुद्दाम?

नाएली : आई, तोर्तिया गार होतायत. जेव आधी.

रोसेंदा : पाद्रीबाबा माझ्यावर उखडले. 'लेक चर्चचं पान फुकट सांभाळते म्हणून संताची थट्टा करायची का?' मी म्हटलं, चुकून झालं असेल. माझी पोर असलं काही मानत नाही.

नाएली : नाहीच मानत.

रोसेंदा : मी लेकाच्या नवसासाठी घरातली मूर्ती उलटी ठेवली तेव्हा हसलीस की! 'एफ्राईनला आणून देईपर्यंत संताला ओलीस धरणार का' म्हणालीस.

नाएली : हसले होते. पण अमेरिकेच्या सीमेवरून त्याचा शेवटचा फोन आला, त्यालाही महिना उलटला. वाळवंटात शिरतोय म्हणाला, बस. आणि परवा बघते तर तुझी मूर्ती सरळ. मला वाटलं, आईनं आशा सोडली. मग कुणीतरी संताला उलटं धरायला नको का?

रोसेंदा : आशा कुठली सोडतेय, बाळा. धूळ पुसायला उचलली, आणि परत उलटी ठेवायचं त्राणच उरलं नाही बघ.

(नाएली लॅपटॉप पुढे ओढते.)

नाएली : इथं एकशे ऐंशी अंश लिहिलंय. शून्य केलं की संत उभा. करू?

रोसेंदा : कर बाई. उद्या त्याचा सण. पोरी नवरा मागायला येतील, म्हाताऱ्या हरवलेल्या किल्ल्या... थांब. अगदी सरळ नको.

नाएली : म्हणजे?

रोसेंदा : जरासा कललेला राहू दे. पाद्रीबाबांच्या नजरेत येणार नाही इतपत.

नाएली : तीन अंश?

रोसेंदा : मला काय कळतंय त्यातलं! वेळ मात्र नीट ठेव, क्रिसांतोआजोबांची मान दुखतेय.

नाएली : वेळ बाहेर काढली चौकटीतून. झालं. बघ.

रोसेंदा : हं. असू दे असाच. एफ्राईन आला की मीच सांगेन तुला, सरळ कर म्हणून.