करडी स्क्रीन

एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर निवृत्त शिक्षिकाबाई नंबरची वाट बघत होत्या. शेजारी कारखान्याच्या गणवेशातला ऑपरेटर बसला होता, समोर लॅपटॉपची बॅग घेतलेली एक बाई उभी होती. शिक्षिकाबाईंच्या हातात पुस्तक होतं, पण पान काही उलटेना.

“मॅडम, सहा महिने तुम्हाला शिव्या घातल्या मी,” ऑपरेटर बॅगवाल्या बाईला म्हणाला.

“कानावर आल्या.”

“बॉयलरकडून दाबाचा निरोप यायचा जरा थांबला, की आकडा पुसून तुम्ही बनवलेली ती नवी स्क्रीन करडी! म्हटलं, काय हे रुसणं!”

“निरोपच नाही, तर शिळा आकडा कशाला दाखवायचा?”

“जुनी स्क्रीन दाखवायची ना. आम्हाला तीच सवय. म्हणून तर अर्ज दिला, हे करडं काढा.”

“अकरा सह्यांचा.”

“पहिली माझी. का नाही काढलंत?”

“हट्टी आहे मी. घरी विचारा.”

“आज सकाळी करडी झाली. गळक्या वाफेनं वायरच वितळली होती. मेहुणा बॉयलरपाशीच उभा. मी भोंगा दिला, तो पळाला, आणि मागे नळी फुटली. पाय मुरगळला, एवढंच.”

“नक्की एवढंच?”

“बहिणीला काय तोंड दाखवलं असतं मी, मॅडम?”

दार उघडून मेहुणा लंगडत बाहेर आला.

“दाजी, स्क्रीनवाल्या मॅडम त्या याच.”

“मग त्या उभ्या का? ऊठ रे! ताई, बसा.”

“अहो, पाय तुमचा दुखावलाय!”

“आहे ना जागेवर! तुम्ही बसा आधी.”

शिक्षिकाबाईंनी पिशवी उचलली आणि मेहुण्याला जागा करून देत त्याही उठल्या.