पंचबोलवरची हाक

परतवाड्याच्या स्टँडवर चिखलदऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. बाजूला एक बाई दोन लेकरं अन् एक लांबोळी पिशवी घेऊन बसली होती. तिच्या शेजारच्या म्हातारीनं विचारलं,

"पोरी, हे काय व एवढं?"

"तंबू हाय, आजी. आज डोंगरावर राहू. उद्या लेकरायले पायी फिरवीन."

"अन् या लेकरायचा बाप?"

"त्यायनंच आणला होता तंबू, दिवाळीत. संक्रांतीच्या आधीच वारले."

"अरे देवा! मंग लहान लेकरं घेऊन एकटीच काहून निघाली व?"

"त्यायनं लेकरायले कबूल केलं होतं."

"आजी, तिथं पंचबोलच्या कड्यावर हाक मारली का डोंगर पाच खेपा परत देते," पोरगी म्हणाली. "मी 'बाबा' म्हणून हाक मारीन."

"मी बी!" लहानगा म्हणाला.

"अन् आई, तू वं? तू तं बाबाचं नाव घेतच नाही," पोरगी म्हणाली.

"मी आपली 'अवो' म्हणीन."

"'अवो' तं सगळ्यायलेच म्हणतात!"

"म्हणू दे. वावरात किती बी माणसं असली, तरी मी बांधावरून 'अवो' म्हटलं, का तुहे बाबाच वळून पाहत."