चुकीच्या पुलाखालचे शिंपले

नाही, पण मी म्हणते, शिंपल्यांनी तळाशी गप्प बसायला काय हरकत होती? ते बसले असते, मीही बसले असते! तुम्हाला सांगते, बारा वर्षं झाली मला त्या प्रयोगशाळेत, काचेची भांडी घासते, बाटल्या धुते, सुकवते, चिठ्ठ्या चिकटवते, सगळे मला मावशी म्हणतात, सरसुद्धा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे असून! चालायचंच. पण एक दिवस सर म्हणाले, आणि सर बोलतात कसे, तर एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारखा, "मावशी... माझे गुडघे... आता पाण्यात उतरू देत नाहीत. एवढे नमुने... तुम्ही आणाल?" आता माझ्या गुडघ्यांना विचारलं कुणी? आणि मुळात माझं काम काय? बाटल्या धुण्याचं!

तर सरांचा विषय शिंपले. समुद्रातले नव्हेत हं, नदी-तळ्यातले, काळपट, तळहाताएवढे, चिखलात अर्धे रुतून बसलेले. त्यांच्यात मोती-बिती काही नाही! मी विचारलं, "सर, ह्यांच्यात बघण्यासारखं काय आहे?" झालं... दीड तास! म्हणे हजारो वर्षांपूर्वी आमच्या या उत्तरेकडच्या थंड मुलखावर नुसता बर्फ होता. किती? तर "आपली ही इमारत... अशा शंभर... एकावर एक." मग तो वितळला, पाणीच पाणी झालं, नद्यांना नद्या मिळाल्या, मासे निघाले नव्या जागा बघायला, आणि माशांबरोबर शिंपले! अहो, शिंपल्याची पिल्लं माशाच्या कल्ल्याला चिकटतात, मासा नेईल तिकडे जातात, आणि मन मानेल तिथे सुटून पडतात. तेच त्यांचं घर! म्हणजे आख्खी जमात बिनतिकिटाची पसरली! मला हसू आलं, पण सर हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, जितकं लांब... तितके थोडे पोचतात. एखादाच मासा पोचला... तर पुढचं सगळं गोत त्याच्या कल्ल्यावरच्या पाच-सात जणांचं. म्हणून लांबचे सगळे एकसारखे. जिथे नानातऱ्हा दिसतील... तिथे समजायचं, हे जुने. हे बर्फातही तगले."

आणि असे तगलेले शिंपले डोंगरावरच्या तळ्यात आहेत, असं सरांचं म्हणणं. तीस वर्षं! त्यावर त्यांनी लिहिलं, त्यावर शिकवलं, त्यावर लोक त्यांना ओळखायचे. आता फक्त शिंपल्यांची जनुकं तपासायची, की शिक्कामोर्तब.

गेले मी. तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून शिंपला हलकेच उघडायचा, कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापायचा, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा, शिंपला परत होता तिथे ठेवायचा. असे दोनशे! बोटं वाकडी झाली माझी. आणि वर तुलनेसाठी आणखी एक जागा होती, गिरणीच्या पुलाखालची, बस बदलून जायची. आता खरं सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं... ती दुसरी बस मी घेतलीच नाही. डेपोत उतरले, पाठ दुखत होती, डेपोच्या मागे एक ओढा आहे, त्याच्यावरही पूल आहे. म्हटलं, पूल तो पूल! पाणी कुठूनही भरलं तरी ओलंच! उतरले, पाण्यात टाकलेले जुने टायर बाजूला केले, चाळीस शिंपले निघाले, चाळीस तुकडे कापले, चिठ्ठीवर लिहिलं, 'गिरणीचा पूल'. आणि गेले घरी. का नाही जाणार? माझं काम काय? बाटल्या धुण्याचं!

दोन महिन्यांनी मोठ्या प्रयोगशाळेतून कागद आले. सरांनी वाचले. परत वाचले. परत पहिल्या पानावर गेले. समोरच्या चहावर साय धरली, मी कप बदलला, त्याच्यावरही धरली. मग म्हणाले, "मावशी, वरच्या तळ्यातले दोनशेच्या दोनशे... जवळजवळ एकसारखे."

मी म्हटलं, "बरं झालं ना?"

"नाही. म्हणजे तेसुद्धा बाहेरूनच आलेले. पाच-सात जणांचं गोत. पण हे... गिरणीच्या पुलाखालचे... यांच्यात सगळे प्रकार आहेत. आणि अकरा असे, जे आणखी कुठेच नाहीत."

गप्प बसता आलं असतं, पण त्या माणसाचा चेहरा बघून बसवेना. सांगून टाकलं. डेपो, बस, पाठ, टायर, सगळं. आता बोंब मारणार म्हणून मी पदर खोचून उभी... तर सर उठले, आणि खुंटीवरचे गमबूट काढले.

"सर, तुमचे गुडघे..."

"चला."

तुम्हाला सांगते, तो माणूस डेपोमागच्या त्या घाणीत उतरला. डेपोतला एक ड्रायव्हर वरून ओरडतोय, "ओ काका, काही पडलं काय?" सरांनी कोपरापर्यंत हात घातला, एक शिंपला काढला, पुसला, तळहातावर धरून बघत राहिले. मग म्हणाले, "मावशी, तीस वर्षं मी तळ्यावर जातोय. दर वेळी याच डेपोत उतरायचो. हाच पूल ओलांडून जायचो." बस्स. शिंपला परत होता तिथे ठेवला. मी हात देऊन त्यांना वर घेतलं.

पुन्हा नमुने, पुन्हा तपासणी, या वेळी चिठ्ठ्या सरांनी स्वतः लिहिल्या, बरोबरच आहे. तीन आठवड्यांनी तोच निकाल. आणि त्याच आठवड्यात डेपोच्या भिंतीवर नोटीस: ओढा पाइपात घालणार, वरून सिमेंट!

गेलो आम्ही नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांकडे. माणूस वाईट नाही हो, थकलेला. फाइल काढली, एक पत्र पुढे सरकवलं. "सर, मागच्याच वर्षी तुम्हाला विचारलं होतं. हे बघा, 'सदर ओढ्यात जतन करण्याजोगे विशेष काही नाही.' सही तुमचीच ना?"

सर म्हणाले, "माझीच."

"मग आता?"

खोलीत आठ-दहा माणसं, त्यातले दोघं सरांचेच जुने विद्यार्थी. सर उभे राहिले. टेबलाला धरून उभे राहिले. आणि बोलले, एकही शब्द न चिमटता, सलग: "मी चुकलो होतो. नुसतं या पत्रात नाही, तीस वर्षं चुकलो. मी शोधत होतो ते तळ्यात नव्हतं, ते या ओढ्यात आहे. हे मला माझ्या हुशारीने कळलेलं नाही, या बाईंमुळे कळलं."

सगळे माझ्याकडे! मी आपली भिंतीकडे. मला मेलीला काय कळतंय? माझं काम...! डोळे भरून आले होते.

इंजिनिअरसाहेबांनी ते पत्र परत फाइलीत ठेवलं. मग हळू म्हणाले, "सर, त्या ओढ्याचं पाणी दरवर्षी चाळीस घरांत शिरतं. मागच्या खेपेला एक आजीबाई खाटेवरच गेल्या. काम थांबवता येत नाही मला. पाच दिवस देतो."

त्यांचंही खरंच होतं.

पाच दिवस! सर काठावर स्टुलावर, मी पाण्यात, आणि तिसऱ्या दिवसापासून तो ओरडणारा ड्रायव्हर, कुणी बोलावलं नसताना, पॅन्ट दुमडून. ओल्या गोणपाटात गुंडाळून एकेक शिंपला वरच्या अंगाच्या दुसऱ्या ओढ्यात नेला, तेच मासे तिथेही आहेत म्हणून. सहाशे चाळीस. सहाव्या दिवशी सकाळी मशीन आलं. बाकीचे राहिले तिथेच, हजारभर तरी असतील. सर बघायला थांबले नाहीत. घरी गेले आणि आपलीच तीस वर्षं खोडणारा लेख लिहायला बसले. तो छापून आला, आणि महिन्याभराने निवृत्त झाले.

नेलेले तगले का? अहो, पिल्लं धरली की नाही हे कळायलाच आठ-दहा वर्षं! तोवर दर गुरुवारी जाऊन कोणी बघायचं? मी! ज्या बाईचं काम बाटल्या धुण्याचं, तिने! संध्याकाळी सरांचा फोन येतो, "मावशी... आज?" मी सांगते, "आहेत सर, बसलेत." मग पलीकडून, "बरं."

आता शिंपला जिवंत आहे हे ओळखायचं कसं? तर बोट लावलं की तो गपकन तोंड मिटतो. आ वासून पडला असेल, तर संपला. हे मी घरी सांगितलं आणि तिथेच फसले. हल्ली मी बोलायला तोंड उघडलं रे उघडलं, की आमचे हे आधी माझी नाडी बघतात. बघू देत... तेवढाच हात हातात येतो.