पेरलेली किल्ली

सत्त्याण्णवचा हिवाळा. अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या बसमध्ये अर्लीन हातमोजे मांडीवर घेऊन बसली होती. पुढच्या सीटवर एक बाई आणि एक तरुण दबक्या आवाजात बोलत होते; तिला सगळं ऐकू येत होतं.

"लायल, त्या जुडग्यातली प्रत्येक किल्ली कॉम्प्युटरवर तपासली, असं कळवलंस ना?"

"तपासली की. एकही लागली नाही."

"लागायला हवी होती. त्यात एक लागणारी आम्ही शोध चालवणाऱ्यांनीच पेरली होती."

"म्हणजे आमच्यावर पाळत? फुकट राबतो आम्ही, ग्रेटा!"

"हजारो लोक आपापल्या कॉम्प्युटरवर राबताहेत, त्या एका गुप्त संदेशाचं कुलूप उघडणारा आकडा शोधायला. खरी किल्ली तू न बघताच परत केलेल्या जुडग्यात असली, तर सगळ्यांची मेहनत पाण्यात."

"जितके जुडगे तपासून परत, तितकी टीम यादीत वर. टीमला आमच्या मित्राचं, एमेटचं नाव आहे. तो तर गेला. निदान नाव तरी पहिलं राहू दे, एवढंच वाटलं गं."

"तोच जुडगा आम्ही आणखी एका कॉम्प्युटरला दिला होता. त्याला ती पेरलेली किल्ली बरोबर सापडली."

"कुणाच्या?"

"एमेटच्याच. त्याच्या आईने अजून बंद केलेला नाही."