दहा रुपयांची पुडी

सत्यवान : आता परत कित्याक इल्यात, बाई? तपासणीवालो साहेब येवन गेलो. पुडीवर नाव आसा, परवान्याचो नंबर आसा, तारीख आसा. नियमात बसता म्हणान लिवन दिल्यान.

अक्षया : माहीत आहे, सत्यवानकाका. मलाही त्यांनी तेच सांगितलं. मी भांडायला आले नाही.

लक्ष्मी : आधी बसा बगूया. आचऱ्याच्या शाळेतल्या बाई तुमी, दुकानाच्या दारात उभ्या कित्याक? तुमची श्रिया कशी आसा?

अक्षया : बरी आहे, काकी. शाळेत यायला लागली. पण आता माझ्या हातचं सोडून काही तोंडात घालत नाही.

सत्यवान : माझ्या काजूवडीत शेंगदाणे नसतत, बाई. काजू नि साखर, बस.

अक्षया : ते मला पटलंय. पण चिक्कीचे शेंगदाणे त्याच मिक्सरमध्ये दळता ना?

सत्यवान : मिक्सर एकच आसा. पुसून घेतंव.

अक्षया : पुसलं तरी कण राहतात. बाकीच्यांना त्याचं काही होत नाही. श्रियाला शेंगदाणा अजिबात चालत नाही, म्हणून तिच्यासाठी घेतलेली प्रत्येक पुडी मी वाचते. आंगणेवाडीच्या जत्रेत तुमच्या स्टॉलवरही वाचली. 'काजूवडी', एवढंच होतं. तिनं अर्धी खाल्ली. दहा मिनिटांत ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. मालवणला पोचेपर्यंत माझ्या मांडीवर निळी पडली होती. डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं, मग आमची नावं विचारली.

लक्ष्मी : हे पण मालवणाक इलले त्या दिवशी. दवाखान्याच्या फाटकाकडे उभे रवले. भुतूर येवचो धीर नाय झालो.

सत्यवान : ता कित्याक सांगतस आता?

अक्षया : मला माहीत नव्हतं.

सत्यवान : वॉचमन म्हणालो, पोरगी बरी आसा. मगे घराक गेलंय.

(लक्ष्मी पाण्याचा तांब्या अक्षयाच्या पुढ्यात ठेवते.)

अक्षया : काका, पुडीवर काय छापायचं त्याचे नियम दिल्लीत बदलायला घेतलेत. लोकांकडून सूचना मागवल्यात. आज एवढ्याशा पुडीवर आत काय आहे ते छापायची सक्ती नाही. मी पत्र लिहिलंय, की पुडी कितीही लहान असो, शेंगदाण्याचा नुसता कण लागला असेल तरी ते छापलंच पाहिजे. त्यावर तुमची सही हवी.

सत्यवान : माझी कित्याक? तुमची आसा मां?

अक्षया : मी आई आहे, मी मागणारच. खाऊ बनवणारे म्हणतात, लहान धंदेवाल्याला हे झेपणार नाही, पुडीवर जागाच नाही. झेपतं की नाही, ते वडी करणाराच सांगू शकतो.

सत्यवान : सही केलंय तर बाजारात कोण माझ्याशी बोलूचो नाय. बाजूच्या दुकानातलो मंगेश तर म्हणतलो, स्वतः अडकलो नि आमकाय अडकवल्यान.

लक्ष्मी : नाय बोललो तर नाय बोललो. ती पुडी हाडा हयसर. जागा खंय नाय ता बगूया.

सत्यवान : हय काजूचां चित्र. हय नाव. खाली 'एकदा खाशात तर परत येशात'.

लक्ष्मी : ता काढा.

सत्यवान : ता काढलंय तर... दोन ओळी बसतत. मोठ्या अक्षरात बसतत.

अक्षया : मग पत्रात तेवढंच लिहा, काका.

सत्यवान : तेवढ्यान भागूचां नाय. पेन द्या. 'माझ्या दुकानातली वडी खाऊन एक मुलगी मरता मरता वाचली. माझी पुडी तेव्हा नियमात बसत होती.' बरोबर आसा?

अक्षया : बरोबर आहे. पण असं लिहिलंत तर नाव तुमचं खराब होईल.

सत्यवान : झाला ता लिवतंय. पोरीचां वय काय लिवू?

अक्षया : सहा. जूनमध्ये सात पूर्ण होतील.